दृष्टिदाता डॉ. गोविंदप्पा वेंकटस्वामी आणि त्यांचे कुटुंब

सरकारी नोकरीतून निवृत्त झालेल्या मनुष्याकडून समाज फारशी अपेक्षा ठेवीत नाही. निवृत्तिवेतन, नातवंडे, तीर्थयात्रा आणि जमल्यास एखाद्या संस्थेचे मानद पद, एवढ्यात उरलेले आयुष्य सुखासमाधानाने जावे अशी जगरहाटी आहे. तामिळनाडूतील मदुराई येथील नेत्रशल्यविशारद डॉ. गोविंदप्पा वेंकटस्वामी यांनी मात्र ही जगरहाटी मोडली. १९७६ साली, वयाच्या अठ्ठावन्नाव्या वर्षात, शासकीय सेवेतून ते निवृत्त झाले आणि त्याच वर्षी भाड्याच्या एका घरात अकरा खाटांचे नेत्ररुग्णालय त्यांनी सुरू केले. हाताची बोटे संधिवाताने वाकडी झालेली, गाठीला भांडवल नाही, स्वतःचा संसार नाही, पाठीशी होती ती फक्त भावंडे. त्या अकरा खाटांतून पुढे ‘अरविंद आय हॉस्पिटल’ ही जगातील सर्वांत मोठ्या नेत्ररुग्णालयांपैकी एक संस्था उभी राहिली. आपल्याकडे ठिकठिकाणचे विश्वस्त मंडळ, लायन्स व रोटरी क्लब, व्यापारी संघ मोतीबिंदूची शिबिरे भरवितात. त्या सर्वांनी ज्यांचे चरित्र अवश्य वाचावे अशा पुरुषांत डॉ. वेंकटस्वामींचे नाव फार वरचे आहे.

वेंकटस्वामींचा जन्म १ ऑक्टोबर १९१८ रोजी तामिळनाडूच्या दक्षिण भागातील वडमलापुरम या खेड्यात एका शेतकरी कुटुंबात झाला. हे गाव एट्टयपुरमजवळचे. एट्टयपुरम म्हणजे महाकवी सुब्रमण्यम भारती यांची जन्मभूमी. हा सारा मुलूख काळ्या मातीचा, पावसाच्या भरवशावर जगणारा आणि कापूस पिकविणारा. वडील गोविंदप्पा हे शेतकरी. पाच भावंडांत वेंकटस्वामी थोरले. पहाटे उठून म्हशी चारावयास न्यावयाच्या आणि मग अनवाणी पायांनी शाळा गाठावयाची, असा दिनक्रम. पाटी, पेन्सिल, कागद ही त्या काळी चैनच होती. मुले नदीच्या पात्रातील वाळू आणून पसरीत आणि तीवर बोटाने अक्षरे गिरवीत. पुढे लाखभर डोळ्यांवर शस्त्रक्रिया करणाऱ्या त्या बोटांचा पहिला सराव असा वाळूत झाला.

गावात डॉक्टर नव्हता. वेंकटस्वामी लहान असतानाच त्यांच्या नात्यातील तीन चुलत-मावस बहिणी गरोदरपणात, दिवस भरत आले असता, एकामागून एक मृत्यू पावल्या. तिघीही ऐन तारुण्यात होत्या. वेळेवर वैद्यकीय मदत मिळती तर त्या वाचल्या असत्या, हे त्या बालमनाला कळले आणि आपण डॉक्टर व्हावयाचे, तेही प्रसूतितज्ज्ञच व्हावयाचे, असा त्यांनी निश्चय केला. मदुराईच्या अमेरिकन कॉलेजातून १९३८ साली रसायनशास्त्रात बी. ए. व १९४४ साली मद्रासच्या स्टॅनले मेडिकल कॉलेजातून वैद्यकीय पदवी, असे त्यांचे शिक्षण झाले. दुसरे महायुद्ध चालू होते. नवपदवीधर वेंकटस्वामी लष्कराच्या वैद्यकीय सेवेत दाखल झाले.

येथे नियतीने आघात केला. लष्करात असतानाच त्यांना तीव्र स्वरूपाचा सांधेवात जडला. १९४८ साली त्यांना सेवामुक्त करण्यात आले. वय अवघे तीस. वर्षाहून अधिक काळ ते मद्रासच्या रुग्णालयात अंथरुणाला खिळून होते. हातापायांचे सांधे सुजले, बोटे वळली ती कायमचीच. उठून बसणे, उभे राहणे, चार पावले टाकणे, ही साधी कामे त्यांना पुन्हा नव्याने शिकावी लागली. सुरुवातीला लेखणीही बोटांत धरता येत नव्हती. प्रसूतीशास्त्रात तासन्‌तास उभे राहून अंगमेहनतीचे काम असते. ते या देहाला झेपणारे नव्हते. लहानपणापासून जपलेले स्वप्न तेथेच संपले.

दुसरा कोणी असता तर एखाद्या खेड्यात दवाखाना थाटून औषधे देत बसला असता आणि त्यात कोणी काही कमीपणा मानला नसता. वेंकटस्वामींनी नेत्रचिकित्सेचा मार्ग पत्करला. मद्रासच्या शासकीय नेत्ररुग्णालयात राहून त्यांनी प्रथम पदविका व नंतर पदव्युत्तर पदवी घेतली. वाकड्या बोटांत शस्त्र धरण्याचा सराव त्यांनी किती चिकाटीने केला असेल याची कल्पनाच करावी. नेत्रशल्यक्रिया म्हणजे काही मिलिमीटरांचा व्यवहार. तेथे हात थरथरला तर रुग्णाची दृष्टीच जाते. पण सराव आणि मनाची एकाग्रता यांच्या बळावर त्या बोटांनी असे काही कसब मिळविले की पुढील आयुष्यात त्यांनी स्वतः एक लाखाहून अधिक नेत्रशस्त्रक्रिया केल्या. काही दिवशी तर शस्त्रक्रियांचा आकडा शंभरावर जात असे. वेदना मात्र संपल्या नाहीत. त्या आयुष्यभर सोबत राहिल्या, आणि त्यांचा उच्चार ते फारसा करीत नसत.

आजारपणाच्या या कालखंडाने त्यांना आणखी एक गोष्ट दिली. पाँडिचेरीच्या श्रीअरविंदांच्या विचारांकडे ते ओढले गेले. आश्रमात त्यांचे जाणे-येणे सुरू झाले. पहाटे ध्यान आणि श्रीअरविंदांच्या ‘सावित्री’ या महाकाव्याचे वाचन हा त्यांचा नित्यनेम झाला. अध्यात्म म्हणजे कामापासून दूर जाणे असे त्यांनी कधी मानले नाही. हातातले काम अधिकाधिक निर्दोष करीत जाणे हीच साधना, अशी त्यांची धारणा होती. रुग्णालयाला ‘अरविंद’ हे नाव मिळाले ते या श्रद्धेतून.

१९५६ साली मदुराईच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात नेत्रविभागाचे प्रमुख व तेथील शासकीय अर्स्काइन रुग्णालयात नेत्रशल्यविशारद म्हणून त्यांची नेमणूक झाली. पुढील वीस वर्षे ते त्याच पदावर होते. मदुराई हे नाव आपल्याकडच्या भाविकांना मीनाक्षी मंदिरामुळे आणि कापडाच्या पेढ्यांवर सुंगुडी लुगड्यांमुळे ठाऊक असते. त्या शहराला नेत्रसेवेचे पीठ बनविण्याची सुरुवात या सरकारी रुग्णालयात झाली.

त्या काळात देशातील अंधांमध्ये सर्वांत मोठा वाटा मोतीबिंदूचा होता. डोळ्यातील नैसर्गिक भिंग गढूळ होत जाते आणि शेवटी प्रकाश आत शिरत नाही, एवढाच हा विकार. गढूळ भिंग काढून टाकले व जाड काचांचा चष्मा दिला की मनुष्य पुन्हा चालू-फिरू, शेतात काम करू लागतो. म्हणजे हे अंधत्व दैवाचे नव्हे, पोहोचण्याचे होते. खेड्यातील म्हातारा शहरातील रुग्णालयापर्यंत पोहोचत नव्हता आणि डॉक्टर खेड्यापर्यंत पोहोचत नव्हता. घरात अंध झालेला वृद्ध म्हणजे खाणारे तोंड आहे पण काम करणारे हात नाहीत, असे कठोर बोल दक्षिणेतील खेड्यांत ऐकू येत. आपल्याकडेही परिस्थिती वेगळी नव्हती.

वेंकटस्वामींनी डॉक्टरांची व परिचारिकांची पथके घेऊन खेडी पालथी घालण्यास आरंभ केला. शाळेच्या इमारतीत, मंगल कार्यालयात, मिळेल त्या जागी नेत्रशिबिरे भरू लागली. १९६६ साली अंधांच्या पुनर्वसनाचे केंद्र आणि १९७३ साली नेत्रसहायकांच्या प्रशिक्षणाचा वर्ग त्यांनी सुरू केला. ‘अ’ जीवनसत्त्वाच्या अभावी बालकांचे डोळे जातात, त्यावरही त्यांनी काम केले. १९६५ साली अमेरिकेतील एका परिषदेत त्यांची गाठ ब्रिटनच्या सर जॉन विल्सन यांच्याशी पडली. विल्सन हे स्वतः अंध होते आणि राष्ट्रकुलातील अंधांसाठी काम करणाऱ्या संस्थेचे प्रमुख होते. ही मैत्री अखेरपर्यंत टिकली. भारतात अंधत्वनिवारणाचा राष्ट्रीय कार्यक्रम १९७६ साली सुरू झाला, त्यासाठी दिल्लीत प्रयत्न करणाऱ्यांत हे दोघेही होते. १९७३ साली भारत सरकारने वेंकटस्वामींना पद्मश्री देऊन गौरविले.

तीन वर्षांनी निवृत्ती आली. पदाबरोबर रुग्णालय, कर्मचारी, उपकरणे, सारेच सुटले. मोतीबिंदूचे रुग्ण मात्र होते तेथेच होते.

येथपासून पुढची कथा एकट्या वेंकटस्वामींची नाही, त्यांच्या घराची आहे. वडिलांच्या पश्चात थोरल्या भावाने पाठच्या भावंडांचे पितृत्व पत्करले होते. त्यांची शिक्षणे, लग्ने, नोकरी-धंदा, सारे त्यांनी पाहिले आणि स्वतः मात्र अविवाहित राहिले. सर्वांत धाकटी बहीण नाच्चियार तर त्यांच्याहून वीस वर्षांपेक्षा अधिक लहान. तिला त्यांनी मुलीसारखे वाढविले आणि डॉक्टर केले. तिचे पती डॉ. पी. नामपेरुमाळसामी हेही नेत्रतज्ज्ञ. नामपेरुमाळसामींची बहीण डॉ. विजयालक्ष्मी आणि तिचे पती डॉ. एम. श्रीनिवासन हेही याच शास्त्रातले. धाकटा भाऊ जी. श्रीनिवासन हा बांधकामाच्या व्यवसायातला. थोरल्या भावाने निवृत्तीनंतर रुग्णालय काढण्याचा मनोदय सांगितला तेव्हा या साऱ्यांनी त्यात स्वतःला झोकून दिले. कुटुंबाने ‘गोवेल ट्रस्ट’ या नावाने धर्मादाय न्यास स्थापन केला.

पैसा कोठून आणावयाचा हा पहिला प्रश्न होता. बँकांनी कर्ज नाकारले. बँकेच्या दृष्टीने पाहिले तर त्यात नवल नाही. निवृत्त झालेला, हातापायांनी अधू असा डॉक्टर. अर्ध्याहून अधिक रुग्णांकडून एक पैसाही घेणार नाही असे तो आधीच सांगतो. तारण काय आणि परतफेड कशातून, हे विचारणे कोणत्याही व्यवस्थापकाचे कर्तव्यच होते. अखेर वेंकटस्वामींनी राहते घर गहाण टाकले. घरातील स्त्रियांचे दागिने गहाण पडले. स्त्रीधन हा घरातील शेवटचा आधार असतो, तो बाहेर निघाला याचा अर्थ प्रत्येक गृहस्थाश्रमी मनुष्यास कळतो. चरित्रकार थोरल्या भावाचे धैर्य वर्णन करतात ते योग्यच आहे; परंतु ज्यांच्या अंगावरून सोने उतरले त्या घरच्या लक्ष्मींचे धैर्य कमी होते असे म्हणता येणार नाही.

अकरा खाटांपैकी सहा विनामूल्य रुग्णांसाठी आणि पाच पैसे देऊ शकणाऱ्यांसाठी, अशी मूळ वाटणी होती. पुढच्या पन्नास वर्षांचे सारे गणित या सहा-पाचात आहे. धर्मादाय रुग्णालय म्हटले की देणगीची पावतीपुस्तके, दरवर्षीची तूट आणि ती भरून काढण्यासाठी दात्यांच्या दारोदार फिरणारे विश्वस्त, हे चित्र आपल्या परिचयाचे आहे. वेंकटस्वामींनी वेगळी वाट धरली. पैसे देणाऱ्यांकडून बाजारभावापेक्षा जास्त घ्यावयाचे नाही, उलट वाजवीच घ्यावयाचे. पण काम इतके चोख व इतके जास्त करावयाचे की त्या मिळकतीतून विनामूल्य रुग्णांचा खर्च निघून वर शिल्लक राहावी. विनामूल्य व सशुल्क रुग्णांत फरक राहण्याच्या सोयीचा. एकाला खोली व पलंग, दुसऱ्याला मोठ्या दालनात चटई. डॉक्टर मात्र तेच. आज सशुल्क विभागात शस्त्रक्रिया करणारा डॉक्टर पाळीप्रमाणे उद्या विनामूल्य विभागात असे. शिवाय रुग्णाने आपण गरीब असल्याचा दाखला आणावा, अशी अट घातली नाही. कोणत्या दारातून आत यावयाचे हे रुग्णानेच ठरवावयाचे. आपल्या देशात अशी मोकळीक दिली तर सारेच फुकटच्या दारात उभे राहतील असे व्यवहारी मनुष्य म्हणेल. तसे झाले नाही. लोकांनी या विश्वासाचा गैरफायदा घेतला नाही हे संस्थेच्या हिशेबाच्या वह्याच सांगतात.

बांधकाम धाकट्या श्रीनिवासनकडे होते. हाती पैसा आला की तेवढाच मजला बांधावयाचा, तो चालू करावयाचा आणि त्याच्या शिलकेतून पुढचा मजला उचलावयाचा, अशा रीतीने मदुराईची इमारत वर चढत गेली. खर्चाबाबत श्रीनिवासन अत्यंत काटेकोर. डॉक्टर मंडळींना नवे यंत्र हवे असे तेव्हा त्याच्या उपयोगाचा हिशेब त्यांच्यापुढे मांडावा लागे. १९८१ साली अडीचशे खाटांचे मुख्य रुग्णालय उभे राहिले. १९८४ साली साडेतीनशे खाटांचे विनामूल्य रुग्णालय झाले. पुढे थेनी, तिरुनेलवेली, कोईमतूर आणि २००३ साली पाँडिचेरी येथे शाखा निघाल्या. प्रत्येक वेळी मूळ सूत्र तेच.

सुरुवातीच्या काळात या घरातील तरुण डॉक्टरांनी जे कष्ट उपसले ते आजच्या पिढीला अतिशयोक्ती वाटतील. सरकारी नोकरीपेक्षा कमी वेतन, पहाटेपासून शस्त्रक्रिया, दुपारी बाह्यरुग्ण, रविवारी खेड्यातील शिबिर. थोरले बंधू स्वतः सकाळी सर्वांआधी रुग्णालयात हजर असत, त्यामुळे उशिरा येण्याची सोय कोणालाच नव्हती. नाच्चियार आणि नामपेरुमाळसामी अमेरिकेत उच्च शिक्षण घेऊन परतले होते. खासगी व्यवसायात त्यांनी सहज संपत्ती मिळविली असती. लहान मुले घरी ठेवून नाच्चियार शस्त्रक्रियागृहात उभ्या राहत. या कुटुंबात थोरल्याच्या शब्दापुढे कोणाला फारसे बोलता येत नसे, हेही खरे. एकाने ध्येय घ्यावे आणि साऱ्या घराने त्यासाठी झिजावे हे कितपत न्याय्य, असा प्रश्न मनात येतो. त्याचे उत्तर त्या घरातील पुढच्या पिढीनेच दिले. मुले, सुना, जावई, पुतणे, भाचे मिळून तीन पिढ्यांतील तीसहून अधिक नातलग कालांतराने याच कामात आले, आणि त्यांतील बहुतेकांनी नेत्रचिकित्साच निवडली. केवळ धाकाने इतकी माणसे इतकी वर्षे टिकत नाहीत.

घरच्या जावयांपैकी आर. डी. तुलसीराज यांचा उल्लेख वेगळा केला पाहिजे. कलकत्त्याच्या भारतीय व्यवस्थापन संस्थेतून शिकलेला हा तरुण चांगली नोकरी सोडून १९८० च्या दशकाच्या आरंभी रुग्णालयाचा कारभार पाहण्यास आला. डॉक्टरांच्या उत्साहाला आकडेवारीची शिस्त त्याने लावली. उद्या किती रुग्ण येणार, किती भिंगे, किती चष्मे, किती परिचारिका लागणार, हे आदल्या दिवशीच ठरू लागले. कोणत्या शल्यविशारदाच्या किती रुग्णांना नंतर त्रास झाला याचीही नोंद ठेवली जाऊ लागली आणि ती सर्वांसमोर येऊ लागली. संख्या वाढली की दर्जा घसरतो, हा व्यापारातलाही अनुभव आहे. ‘अरविंद’ने तो खोटा ठरविला तो या नोंदींच्या जोरावर.

वेंकटस्वामी अमेरिकेत जात तेव्हा तेथील मॅकडोनाल्ड्सची उपाहारगृहे त्यांनी कुतूहलाने पाहिली. तेथील पदार्थ आपल्या पंगतीला चालणारे नव्हेत, पण पद्धत विचार करण्यासारखी होती. कोठल्याही गावी जा, चव तीच, दर तोच, स्वच्छता तीच. आणि काम करणारी मुले सामान्य घरांतील, थोड्या दिवसांत तयार केलेली. खाद्यपदार्थाचे हे जमते तर दृष्टीचे का जमू नये, असा विचार त्यांच्या मनाने घेतला. शस्त्रक्रियागृहात एका शल्यविशारदासाठी दोन टेबले मांडली गेली. एका टेबलावर शस्त्रक्रिया चालू असतानाच दुसऱ्या टेबलावर पुढचा रुग्ण तयार. डॉक्टरने फक्त डॉक्टरचेच काम करावयाचे. डोळा धुणे, तपासणी, भूल देण्यापूर्वीची तयारी, पट्टी, समजावणे ही कामे प्रशिक्षित मुलींची. बारावीपर्यंत शिकलेल्या खेड्यांतील शेतकरी कुटुंबांतल्या मुली निवडून त्यांना दोन वर्षांचे प्रशिक्षण देण्यात येई. संस्थेचा खरा कणा या मुली आहेत. ज्या घरांतून रुग्ण येतात तसल्याच घरांतून त्या येत असल्याने म्हाताऱ्या रुग्णांशी बोलताना त्यांना निराळी भाषा शिकावी लागत नाही. देशातील नेत्रशल्यविशारद सरासरी वर्षाला चारशेच्या आसपास शस्त्रक्रिया करीत असताना ‘अरविंद’मधील शल्यविशारद दोन हजारांच्या घरात करीत, त्याचे रहस्य यात आहे. यंत्र तेच, इमारत तीच, पगार तोच, काम पाचपट. प्रत्येक शस्त्रक्रियेवर पडणारा खर्च किती उतरला असेल हे हिशेबनीस मनुष्यास सांगावयास नको. १९९३ साली अमेरिकेच्या हार्वर्ड विद्यापीठाने या रुग्णालयावर अभ्यासप्रकरण तयार केले आणि जगभरच्या व्यवस्थापन महाविद्यालयांत ते शिकविले जाऊ लागले.

शिबिरांची पद्धतही हळूहळू बदलली. शाळेच्या वर्गात शस्त्रक्रिया करण्याऐवजी गावात केवळ तपासणी करावयाची आणि निवडलेल्या रुग्णांना त्याच दिवशी बसने रुग्णालयात आणावयाचे, असे ठरले. जंतुसंसर्गाचा धोका त्यामुळे टळला. शिबिराची जागा, प्रसिद्धी, मांडव, चहा-भोजन हे स्थानिक यजमानाकडे. लायन्स वा रोटरी क्लब, बँक, गिरणी, व्यापारी मंडळ, देवस्थान, कोणीही यजमान होऊ शकतो. तपासणी, शस्त्रक्रिया, औषध हे रुग्णालयाकडे. तरीही एका पाहणीत असे आढळले की डोळ्यांचा त्रास असलेल्या शंभर जणांपैकी जेमतेम सातच शिबिराला येतात. इतकी वर्षे खपल्यानंतर हा आकडा पाहून दुसरी संस्था नाउमेद झाली असती, किंवा तो आकडा अहवालातून गाळून टाकती. कारणे शोधण्यात आली. बुडणारी मजुरी, सोबत येणाऱ्याचा खर्च, गाडीभाडे, जेवण, शस्त्रक्रियेचे भय. शिबिर विनामूल्य असले तरी गरिबाला ते फुकट पडत नाही, हे त्यातून समजले. म्हणून प्रवास, भोजन, चष्मा सारेच विनामूल्य देण्यावर भर आला; आणि वेंकटस्वामींच्या अखेरच्या वर्षांत खेड्यांच्या जवळ कायमची छोटी दृष्टिकेंद्रे उघडण्यास सुरुवात झाली, जेथून रुग्ण दूरसंपर्काद्वारे मदुराईच्या डॉक्टरशी बोलू शकतो. आता अशा केंद्रांची संख्या शंभराच्या वर गेली आहे.

भिंगाची हकिगत या साऱ्यात सर्वांत उद्बोधक आहे. १९८० च्या दशकात मोतीबिंदू काढल्यावर डोळ्यातच कृत्रिम भिंग बसविण्याची पद्धत पाश्चात्त्य देशांत रूढ झाली. जाड चष्म्याची गरज संपली, दृष्टीही निकोप. परंतु आयात भिंगाची किंमत शंभर डॉलरच्या आसपास. श्रीमंताला भिंग आणि गरिबाला जाड चष्मा, अशी विभागणी होऊ लागली. वेंकटस्वामींना हे मान्य नव्हते. गरिबासाठी कमी दर्जाची वैद्यकी, ही कल्पनाच त्यांना असह्य होती. अनेक तज्ज्ञांनी सांगितले की हे तंत्रज्ञान भारतात पेलणार नाही. अमेरिकेतील सेवा फाउंडेशन या संस्थेच्या स्थापनेपासून वेंकटस्वामी तिच्याशी निगडित होते. तिचे कार्यकर्ते डेव्हिड ग्रीन यांच्या साहाय्याने १९९२ साली मदुराईत ‘ऑरोलॅब’ हा कारखाना निघाला. दहा डॉलरला भिंग मिळू लागले आणि पुढे किंमत त्याहूनही उतरली. कारखान्यात काम करणाऱ्या बहुतेक मुली पुन्हा खेड्यांतल्याच. तेथील भिंगे, टाके घालण्याचे धागे, औषधे आज शंभराहून अधिक देशांत जातात. त्याच सुमारास इतर रुग्णालयांना ही पद्धत शिकविण्यासाठी लायन्सच्या सहकार्याने मदुराईत एक संस्था निघाली. आपले व्यवहारातील गुपित प्रतिस्पर्ध्याला शिकविणारा व्यापारी विरळा. येथे मात्र येणाऱ्या प्रत्येकाला वह्या उघडून दाखविल्या जात.

एवढा पसारा वाढला तरी वेंकटस्वामींची राहणी बदलली नाही. निवृत्तिवेतनावर त्यांचा चरितार्थ चाले. रुग्णालयातून ते वेतन घेत नसत. भावंडांच्या संसारातच ते राहिले. रात्री दैनंदिनी लिहिण्याची त्यांना सवय होती. त्यांत स्वतःचे दोष, अधीरपणा, अहंकार यांची ते झडती घेत. शस्त्रक्रिया थांबविल्यानंतरही रोज सकाळी रुग्णालयात येऊन बाकावर बसलेल्या रुग्णांमधून ते काठी टेकीत फिरत. अनोळखी रुग्णांना हा साधा म्हातारा कोण हे पुष्कळदा कळत नसे. घरातील लहान मुलांना एकत्र बसवून थोरांची चरित्रे, विज्ञान, सेवा यांविषयी बोलण्याचा त्यांचा परिपाठ होता. संस्थेची पुढची फळी या बैठकांतूनच घडली.

७ जुलै २००६ रोजी, वयाच्या सत्याऐंशीव्या वर्षी, मदुराईत डॉ. वेंकटस्वामींचे देहावसान झाले. त्या वेळी त्यांच्या रुग्णालयांतून दरवर्षी दोन लाखांहून अधिक शस्त्रक्रिया होत होत्या आणि त्यांतील निम्म्याहून अधिक विनामूल्य किंवा नाममात्र शुल्कात. संस्थापक गेल्यावर संस्था विस्कटते, भाऊबंदकी सुरू होते, विश्वस्त न्यायालयाच्या पायऱ्या झिजवितात, अशी उदाहरणे धर्मादाय क्षेत्रात थोडी नाहीत. ‘अरविंद’मध्ये तसे झाले नाही. धुरा डॉ. नामपेरुमाळसामींकडे गेली, त्यांच्यानंतर डॉ. आर. डी. रवींद्रन यांच्याकडे. २००८ साली गेट्स प्रतिष्ठानाचा जागतिक आरोग्य पुरस्कार आणि २०१० साली हिल्टन मानवसेवा पुरस्कार संस्थेला मिळाला. २०११ साली घरातीलच एक नात पवित्रा मेहता व सुचित्रा शेणॉय यांनी लिहिलेले इंग्रजी चरित्र प्रसिद्ध झाले. १ ऑक्टोबर २०१८ रोजी त्यांच्या जन्मशताब्दीच्या दिवशी गुगल या संकेतस्थळाने आपल्या पहिल्या पानावर त्यांचे चित्र झळकविले.

थोरल्या भावाला १९७३ साली मिळालेली पद्मश्री २००७ साली मेहुण्यांना, डॉ. नामपेरुमाळसामींना मिळाली आणि २०२४ साली, घरातील सर्वांत धाकट्या बहिणीला, डॉ. नाच्चियार यांना.